घर्रघर्र ऐकू येते, म्हणजे मोटर शाबूत आहे

प्रश्न : वडिलांची 1993ची कॉन्टेसा अजून चालती आहे. तिच्या मडगार्डवर त्यांनी हौसेने मोटरवर चालणारा अँटेना बसवून घेतला होता. आता रेडिओ लावला की आतून घर्रघर्र येते, पण अँटेना जागचा हलत नाही. गॅरेजवाले म्हणतात, काढून टाका आणि भोक बुजवा. खरेच दुरुस्त होणार नाही का?
– एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : होईल. भोक मुळीच बुजवू नका.

आवाज येतो, म्हणजे मोटर फिरते आहे. तुटली असेल ती बहुधा नायलॉनची दातेरी दोरी. नळीत नळी सरकणाऱ्या कांडीच्या सर्वांत बारीक नळीला ती जोडलेली असते. मोटरचे चक्र तिच्या दात्यांत अडकून तिला वर ढकलते, रेडिओ बंद केला की खाली ओढून डबीत गुंडाळते. सोलापूरच्या वैशाखात उभ्या गाडीचा पत्रा हाताला चटका देतो. इतकी वर्षे ती भाजणी सोसून नायलॉन कडक होते. त्यात सांध्यांत धूळ बसली की कांडी अडते आणि दोरी तुटते. म्हणूनच कांडीला ग्रीस लावू नये. ग्रीस आणि आपल्याकडची धूळ मिळून खळीसारखा लगदा होतो. कोरड्या फडक्याने पुसत राहणे हेच खरे.

कॉन्टेसा हिंदुस्थान मोटर्सने 2002 पर्यंत बनवली, पण तुमचा अँटेना बाहेरून बसवलेला, त्यामुळे कंपनीचा मूळ भाग शोधत फिरायचे कारण नाही. दोरीसकट नुसती कांडी मिळते. जुनी सोबत न्या. लांबी आणि दात्यांमधले अंतर जुळवूनच घ्या.

घाई एकाच ठिकाणी नडते. तुटलेल्या दोरीचे तुकडे डबीत राहिले तर नवी दोरीही अडकते. मी एकदा डबी न उघडताच नवी कांडी घातली आणि पहिल्याच दिवशी ती गमावली. म्हणून चाकाच्या बाजूने मोटर उतरवा, डबी उघडा, एकेक तुकडा वेचून काढा आणि मोटर परत बसवा. मडगार्डवर चादरीची घडी टाका, रंगावर ओरखडा नको. वरच्या नटाला खाचा असतील तर पक्कड लावू नका, नट सोलवटतो. लेथवाल्याकडून नळीच्या तुकड्याला दोन दाते काढून घ्या, झाला पाना.

पुढचे काम दोघांचे. एकाने रेडिओ लावायचा, दुसऱ्याने दाते मोटरच्या चक्राकडे ठेवून दोरी आत सोडायची. ती टेकली की रेडिओ बंद. मोटर दोरी ओढू लागेल, तेव्हा कांडी सरळ धरून सोबत खाली जाऊ द्या आणि नट आवळा.

आवाजच येत नसता तर मी आधी फ्यूज आणि नव्या स्टिरिओची निळी वायर पाहायला सांगितले असते. ती जोडायची राहून जाते. शिवाय मोटरला बॅटरीची कायमची वायर लागते, नाहीतर रेडिओ बंद झाल्यावर कांडी खाली आणणार कोण?

कांडी वर येऊनही खरखर राहिली तर बुडाशी पत्रा घासून गंज काढा. तिथे अर्थिंग पक्के हवे. एफएमच्या लहरीची लांबी साधारण 3 मीटर, तिचा चौथा हिस्सा 75 सेंटिमीटर. म्हणून कांडी पूर्ण वर आली की स्टेशन स्वच्छ लागते.

आणि मोटर खाली उतरवलीच आहे, तर तिच्या बुडाची पाणी निघायची रबरी नळी फुंकून पाहा. ती धुळीने बुजलेली असेल तर मृगाच्या पहिल्या सरीचे पाणी थेट मोटरमध्ये साचेल.