इस्लामचा उदय आणि आपला किनारा

शालेय इतिहासात इस्लामची ओळख बहुधा दोन ठिकाणी होते. एक अरबस्तानच्या वाळवंटात आणि दुसरी दिल्लीच्या तख्तापाशी. या दोहोंच्या मध्ये सुमारे सहा शतकांचा काळ आहे. त्या काळात हा धर्म आपल्या पश्चिम किनाऱ्यावर कसा आला आणि येथील राजांनी व प्रजेने त्याचे स्वागत केले की प्रतिकार, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. वस्तुतः त्याची साक्ष देणारे लेख आपल्या परिसरातीलच आहेत. पलसाण्याच्या दक्षिणेस असलेल्या नवसारीचे नाव इ. स. ७३९ च्या एका ताम्रपटात येते. त्याच दिशेने आणखी पुढे गेल्यावर, महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे इ. स. ९२६ चा दुसरा ताम्रपट सापडला. दोहोंत अरबांसाठी एकच शब्द योजिला आहे, तो म्हणजे 'ताजिक'. परंतु पहिल्या पटातील ताजिक आणि दुसऱ्या पटातील ताजिक यांत फार मोठे अंतर आहे. ते अंतर समजून घेणे, हाच या लेखाचा हेतू होय. तत्पूर्वी मूळ धर्माचा परिचय करून घेऊ.

मक्का आणि मदिना

सहाव्या शतकातील अरबस्तानात एक राज्य नव्हते. टोळ्या होत्या, त्यांची वैरे होती आणि त्यांची दैवते होती. मक्का हे कारवानांच्या व्यापाराचे नगर. तेथील काबा या मंदिरात अनेक टोळ्यांच्या मूर्ती असत व यात्रेच्या काळात युद्धे थांबत. या नगरातील कुरैश टोळीत इ. स. ५७० च्या सुमारास महंमद पैगंबर यांचा जन्म झाला. जन्मापूर्वीच पिता अब्दुल्ला निवर्तले आणि वयाच्या सहाव्या वर्षी माता आमिना यांचे छत्र हरपले. आजोबांनी व नंतर चुलते अबू तालिब यांनी त्यांना वाढविले. तरुणपणी ते व्यापारी काफिल्यांबरोबर जात. प्रामाणिक म्हणून त्यांचा लौकिक होता. खदीजा या विधवा व्यापारी स्त्रीने त्यांच्यावर आपला व्यापार सोपविला आणि पुढे त्यांच्याशी विवाह केला.

वयाच्या चाळिशीत, इ. स. ६१० च्या सुमारास, हिरा नावाच्या गुहेत चिंतन करीत असता त्यांना जिब्रील या देवदूताकरवी पहिला ईश्वरी संदेश मिळाला, अशी मुसलमानांची श्रद्धा आहे. परंपरेनुसार त्या संदेशातील पहिली आज्ञा पठण करण्याची होती. विद्यार्थ्यांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे. देव एकच आहे, तोच सर्वांचा न्याय करणार आहे आणि अनाथ व दरिद्री यांची उपेक्षा हे पाप आहे, हा त्या उपदेशाचा गाभा होता. मक्केच्या धनिकांना तो रुचला नाही. छळ वाढला, तेव्हा इ. स. ६२२ मध्ये पैगंबर आपल्या अनुयायांसह यस्रिब नगरास गेले. या स्थलांतरास 'हिजरत' म्हणतात आणि हिजरी सन तेथून मोजला जातो. यस्रिब पुढे मदिना या नावाने प्रसिद्ध झाले. तेथे विविध टोळ्यांत करार होऊन एक समाज उभा राहिला. मक्केशी बद्र, उहुद व खंदक ही युद्धे झाली. अखेर इ. स. ६३० मध्ये मक्केने शरणागती पत्करली, काबातील मूर्ती हलविण्यात आल्या आणि बहुतेक विरोधकांना अभय मिळाले. इ. स. ६३२ मध्ये मदिना येथे पैगंबरांचे देहावसान झाले.

श्रद्धा आणि आचार

इस्लाम या शब्दाचा अर्थ ईश्वरास शरण जाणे असा आहे. एक ईश्वर, त्याचे देवदूत, त्याने पाठविलेले ग्रंथ, त्याचे प्रेषित आणि अंतिम न्यायाचा दिवस यांवर विश्वास ठेवणे हा श्रद्धेचा भाग. महंमद हे अखेरचे प्रेषित असले तरी इब्राहिम, मूसा व ईसा यांनाही मुसलमान प्रेषितच मानतात. यहुदी व ख्रिस्ती धर्मांशी इस्लामचे नाते यामुळे जवळचे आहे. कुराणात ११४ अध्याय असून तिसरे खलिफा उस्मान यांच्या काळात त्याची प्रमाण प्रत सिद्ध झाली, असे परंपरा सांगते.

आचाराचे पाच आधारस्तंभ मानलेले आहेत. ईश्वर एक असून महंमद त्याचे प्रेषित आहेत अशी साक्ष देणे हा पहिला. दिवसातून पाच वेळा नमाज हा दुसरा. ठरावीक मर्यादेहून अधिक संपत्ती वर्षभर शिल्लक राहिल्यास तिचा शेकडा अडीच भाग गरजूंना देणे, म्हणजे जकात, हा तिसरा. रमजान महिन्यातील रोजे हा चौथा. ऐपत असल्यास आयुष्यात एकदा मक्केची यात्रा, म्हणजे हज, हा पाचवा. नमाजाच्या रांगेत धनी व सेवक खांद्याला खांदा लावून उभे राहतात. पहिली अजान देण्याचा मान ज्यांना मिळाला ते बिलाल हे गुलामगिरीतून मुक्त झालेले हबशी गृहस्थ होते. मुलींना जिवंत पुरण्याच्या रूढीचा कुराणाने कठोर निषेध केला व वारशात स्त्रियांना वाटा दिला. गुलामांना मुक्त करणे पुण्यकर्म ठरले. तथापि गुलामगिरीची प्रथा पुढेही शतकानुशतके चालू राहिली, हेही सांगितले पाहिजे.

ईद दरवर्षी निरनिराळ्या ऋतूंत का येते, असे अनेक मुले विचारतात. हिजरी वर्ष केवळ चंद्रावर चालते व सुमारे ३५४ दिवसांचे असते. आपल्या पंचांगातही महिने चांद्रच आहेत, परंतु ऋतूंशी मेळ राखण्यासाठी आपण अधिक मास धरतो. हिजरी गणनेत तो नाही. म्हणून तिचे सण दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येतात.

राज्याचा विस्तार आणि धर्माचा विस्तार

पैगंबरांनंतर अबू बक्र, उमर, उस्मान व अली हे चार खलिफा झाले. वारसाच्या प्रश्नावरून जो मतभेद पडला त्यातून सुन्नी व शिया हे दोन पंथ निर्माण झाले. इ. स. ६६१ पासून दमास्कसचे उमय्या आणि ७५० पासून अब्बासी खलिफा सत्तेवर आले. अब्बासींनी ७६२ मध्ये बगदाद वसविले. शंभर वर्षांच्या आत अरबांची सत्ता स्पेनपासून सिंधपर्यंत पोहोचली. रोमन व इराणी ही दोन साम्राज्ये परस्परांशी झुंजून थकली होती आणि अरब टोळ्या प्रथमच एका ध्वजाखाली आल्या होत्या, ही या वेगाची प्रमुख कारणे होत.

येथे एक भेद नीट ओळखला पाहिजे. राज्य पसरले ते झपाट्याने, तलवारीच्या बळावर. धर्म मात्र सावकाश पसरला. जिंकलेल्या प्रजेने जिझिया कर देऊन आपला धर्म पाळावा अशी सामान्यतः व्यवस्था होती आणि इराणसारख्या देशात बहुसंख्य लोक मुसलमान होण्यास दोन-तीन शतके लागली. जावा-सुमात्रा बेटांवर तर अरबांचे सैन्य कधी उतरलेच नाही. तेथे हा धर्म व्यापारी व साधुपुरुष यांच्या पावलांनी गेला. खंबायतच्या शिल्पकारांनी कोरलेल्या संगमरवरी कबरशिळा आजही त्या बेटांवर आहेत. गुजरातचा त्या प्रसारातील वाटा त्यांवरून दिसतो.

मोसमी वारे आणि वस्ती

भूगोलाच्या पुस्तकातील 'मोसमी' हा शब्द मूळ अरबी 'मौसिम' म्हणजे ऋतू यावरून आला आहे. नैर्ऋत्येचे वारे अरबी गलबतांना आपल्या किनाऱ्याकडे आणीत आणि हिवाळ्यात ईशान्येचे वारे त्यांना परत नेत. वारा फिरेपर्यंत खलाशांना व व्यापाऱ्यांना येथे महिनोन् महिने राहावे लागे. राहणे आले म्हणजे घर आले, माल ठेवण्यास वखार आली, प्रार्थनेस जागा आली, तंटा मिटविण्यास काजी आला. कित्येकांचे विवाह येथेच झाले. किनाऱ्यावरील पहिल्या मुसलमान वस्त्यांच्या मुळाशी हा वाऱ्याचा नियम आहे. कोकणातील कोळी ज्याला 'नाखवा' म्हणतात तो शब्दही फारसी 'नाखुदा' म्हणजे जहाजाचा धनी याचेच रूप आहे.

इ. स. ९१६ च्या सुमारास अल्-मसूदी हा अरब प्रवासी सैमूर येथे आला. सैमूर म्हणजे रायगड जिल्ह्यातील आजचे चौल. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहिले आहे. त्यांत ओमान, बसरा, बगदाद व इराणच्या सिराफ बंदरातून आलेले लोक होते, तसेच येथेच जन्मलेलेही होते. त्यांच्या अंतर्गत व्यवहारासाठी त्यांच्यातीलच एक प्रमुख राजा नेमीत असे. हा सर्व प्रदेश तेव्हा राष्ट्रकूटांच्या सत्तेखाली होता आणि अरब लेखकांनी या राजांची त्यांच्या औदार्याबद्दल एकमुखाने स्तुती केली आहे.

दोन ताम्रपट

तथापि सगळीच गलबते व्यापाराची नव्हती. इ. स. ६३६ च्या सुमारास ओमानच्या बाजूने अरबांचे एक आरमार ठाण्यावर आले. खलिफा उमर यांना ही मोहीम पसंत पडली नाही आणि त्यांनी आपल्या सुभेदाराची कडक शब्दांत कानउघाडणी केली, असे बलाझुरी हा अरब इतिहासकार सांगतो. इ. स. ७१२ मध्ये महंमद बिन कासिमने सिंध जिंकला. त्यानंतर सिंधच्या बाजूने निघालेले सैन्य कच्छ, सौराष्ट्र व गुर्जर प्रदेश तुडवीत दक्षिणापथात शिरण्याच्या इराद्याने थेट नवसारीपर्यंत आले. लाटदेशाचा चालुक्य अधिपती अवनिजनाश्रय पुलकेशी याने येथे त्याचा पराभव केला. इ. स. ७३९ च्या नवसारी ताम्रपटात ही हकीकत आहे. बदामीच्या सम्राटाने त्याला ज्या पदव्या दिल्या त्यांत 'अनिवर्तकनिवर्तयितृ', म्हणजे न हटणाऱ्यांना हटविणारा, अशी एक होती. हा पहिला ताजिक. तो शत्रू म्हणून आला.

आता चिंचणीचा पट पाहू. शक ८४८, म्हणजे इ. स. ९२६ मध्ये, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या कारकिर्दीत तो दिला गेला. त्यात संयान मंडळाचा, म्हणजे आज वलसाड जिल्ह्यात असलेल्या संजाणच्या प्रदेशाचा, अधिकारी 'मधुमति' नावाचा ताजिक असल्याचे म्हटले आहे. मधुमति हे महंमद या नावाचे संस्कृत रूप. त्याला 'सुगतिप' असेही म्हणत. इंद्राच्या आधीचा राजा दुसरा कृष्ण याने त्याला हे मंडळ सोपविले होते. त्याने दोन प्रवाहांवर प्रवाशांसाठी विनामूल्य नौका ठेवल्या आणि अन्नछत्र घालून तेथे भात, कालवण व तूप फुकट वाढण्याची व्यवस्था केली. पुढे संजाणात एका ब्राह्मणाने भगवती देवीची मठिका बांधली, तेव्हा तिची डागडुजी, देवीचा नैवेद्य आणि ब्राह्मणभोजन यांकरिता जमिनीचे दान झाले. ते या ताजिक अधिकाऱ्याच्या संमतीने झाले. हा दुसरा ताजिक. तो राजाचा विश्वासू अधिकारी होता.

ताम्रपटांत स्तुती असते आणि ती सावधपणे वाचावी लागते, हे खरे. परंतु दानाचा भाग हा स्तुतीचा नसून व्यवहाराचा असतो. जमीन कोणाची, कशासाठी, कोणाच्या संमतीने, हे तेथे चोख लिहावे लागते. म्हणून त्यावर आपण विश्वास ठेवू शकतो.

सोमनाथची साक्ष

असेच आणखी एक उदाहरण सौराष्ट्रातील आहे. इ. स. १०२६ मध्ये गझनीच्या महमुदाने सोमनाथचे मंदिर उद्ध्वस्त केले, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याच सोमनाथपाटणात इ. स. १२६४ मध्ये, वाघेला राजा अर्जुनदेव याच्या काळी, होर्मुझचा नाखुदा नूरुद्दीन फिरोझ याने मशीद बांधली. स्थानिक पुढाऱ्यांनी त्यास साहाय्य केले. दुकाने व तेलघाणा यांचे उत्पन्न मशिदीस लावून दिले. वेरावळ येथील संस्कृत शिलालेखात या सर्वाची नोंद आहे. लेखाच्या आरंभी परमेश्वराला 'विश्वनाथ' व 'विश्वरूप' अशी नावे दिली आहेत. कालाची नोंद तर चार गणनांत आहे, ती अशी : हिजरी ६६२, विक्रम १३२०, वलभी ९४५ व सिंह १५१. एका समाजाची तारीख दुसऱ्यास कळावी, एवढी काळजी त्या लेखकाने घेतली.

पुढे मोगल काळात सुरत हे हजयात्रेचे प्रमुख बंदर झाले आणि त्यास 'बाब-उल-मक्का', म्हणजे मक्केचे द्वार, हे नाव पडले. इ. स. १६४४ च्या सुमारास बांधलेली मोगलसराई यात्रेकरूंच्या मुक्कामासाठीच होती. सुरत महानगरपालिकेचा कारभार ज्या इमारतीतून चालतो तीच ही वास्तू.

उपसंहार

या सर्व विवेचनाचे तात्पर्य असे की, इतिहासातील एक पान वाचून दुसरे मिटून ठेवणे न्यायाचे नाही. नवसारीची लढाई खरी आहे आणि संजाणचे अन्नछत्रही खरे आहे. सोमनाथचा विध्वंस घडला आणि त्याच नगरात मशिदीसाठी साहाय्यही मिळाले. जो केवळ पहिली गोष्ट सांगतो तो द्वेष शिकवितो. जो केवळ दुसरी सांगतो तो ऐकणाऱ्याची समजूत काढतो, पण त्याला सत्य सांगत नाही. आपल्या पूर्वजांनी दोन्ही गोष्टी तांब्यावर व दगडावर कोरून ठेवल्या. ज्या राजांनी ७३९ च्या शौर्याचा गौरव केला, त्यांच्या मागून आलेल्या राजांनी त्याच 'ताजिक' नावाच्या मनुष्यास त्याचे नाव पाहून नव्हे, तर त्याचे काम पाहून एक मंडळ सोपविले.

आपल्या तालुक्यातील कापडाच्या व रंगाईच्या गिरण्यांत दूरदूरच्या प्रांतांतील माणसे एकत्र काम करतात. त्यांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे आहेत, तशी मुसलमान कुटुंबेही आहेत. आपणही येथे परप्रांतातून आलेलो आहोत, हे आम्ही विसरू नये. शेजाऱ्याचे नाव ऐकताच मनात एखादे चित्र उमटले, तर ते कोणत्या ताम्रपटावरचे आहे, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे. आणि सवड मिळेल तेव्हा आपल्या गावातील जुन्या देवळांवरचे, मशिदींवरचे व विहिरींवरचे लेख वडीलधाऱ्यांच्या मदतीने वाचण्याचा यत्न करावा. इतिहासाचा खरा अभ्यास तेथूनच सुरू होतो.