नगरच्या किल्ल्यातलं सतारीचं पत्र

प्रश्न : नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' नगरच्या किल्ल्यात लिहिलं, हे शाळेत शिकलो. या किल्ल्याचा शास्त्रीय संगीताशीही काही संबंध आहे का? – एक वाचक, भिंगार

उत्तर : आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. ऑगस्ट 1942 पासून नेहरूंबरोबर मौलाना आझादही इथे कैदेत होते. मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना ते उर्दूत पत्रं लिहीत, पण ती पाठवली गेली नाहीत. पुढे 1946 मध्ये 'गुबार-ए-खातिर' या नावाने ती छापली गेली. त्यातलं सप्टेंबर 1943 चं पत्र संगीतावर आहे. एप्रिलमध्येच त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या होत्या. त्यानंतर पाच महिन्यांनी हा माणूस सतारीबद्दल लिहितो.

या सतारीची गोष्ट सुरू झाली, तेव्हा आझाद विशीच्या आतले होते. कलकत्त्यातल्या एका पुस्तकवाल्याकडे त्यांना 'राग दर्पण' या संगीतग्रंथाची फारसी हस्तलिखित प्रत दिसली. शहरातल्या मदरशाचे इंग्रज प्राचार्य डेनिसन रॉस तिथेच होते. हे तुला समजणार नाही, असं म्हणून त्यांनी एक पान उलगडून सांगायला लावलं. आझादांना फारसी उत्तम येत होती, पण रागांच्या परिभाषेपाशी ते अडले. हे त्यांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी पोथी घरी नेऊन पुरती वाचली आणि गुरूवाचून हे कळायचं नाही, हे ओळखलं. वडिलांचे शिष्य असलेले गवई मसीता खाँ यांच्याकडे त्यांची तालीम सुरू झाली. (सतारीच्या मसीतखानी गतीचे मसीत खाँ वेगळे, ते अठराव्या शतकातले.) चार-पाच वर्षं त्यांनी सतार घोटली. आग्र्याला चांदण्या रात्री ताजमहालाच्या गच्चीवर, यमुनेकडे तोंड करून, ते वाजवत बसत.

त्या पोथीचं मूळ ग्वाल्हेरात आहे. ध्रुपदाचे मोठे आश्रयदाते राजा मानसिंह तोमर यांच्या दरबारातल्या 'मानकुतूहल' या ग्रंथाचा फकीरुल्लाने 1660 च्या दशकात फारसीत अनुवाद केला आणि आपल्या काळातल्या गायक-वादकांची माहिती त्यात घातली. हा फकीरुल्ला औरंगजेबाचाच सरदार! ज्याने संगीत गाडलं असं आपण ऐकत आलो, त्याच्याच राज्यात हे पुस्तक झालं. तो बादशहा 1707 मध्ये वारला तुमच्याच भिंगारला.

उर्दू येत असेल, तर साहित्य अकादमीची मालिक राम यांनी संपादित केलेली आवृत्ती मिळवा आणि शेवटचं, म्हणजे हे संगीतावरचं पत्र आधी वाचा.