डोंगा कुठे लागेल?

माजरी हे चंद्रपूर जिल्ह्यातील कोळसा खाणींचे गाव. जवळूनच वर्धा नदी वाहते. तिच्या पलीकडे, पश्चिमेस, यवतमाळ जिल्हा आहे. नावाड्याने डोंगा सरळ समोरच्या काठाकडे वल्हवला, तरी तो प्रवाहाबरोबर खाली जाऊन लागतो. किती खाली? मोजपट्टी, गुण्या आणि कंपास घ्या; उत्तर कागदावरच सापडेल.

वेग ही सदिश राशी आहे. तिला परिमाण असते, तशी दिशाही असते. म्हणून दोन वेगांची बेरीज नुसत्या आकड्यांनी होत नाही. ती आकृती काढून करता येते.

समजा, नदी दक्षिणेकडे सेकंदाला ०.९ मीटर वेगाने वाहते आणि डोंग्याचा स्थिर पाण्यातील वेग सेकंदाला १.२ मीटर आहे. पात्राची रुंदी २४० मीटर धरू. १ सेंमी म्हणजे सेकंदाला ०.२ मीटर, असे प्रमाण घ्या. अ पासून पश्चिमेकडे ६ सेंमीची अब रेषा काढा. हा डोंग्याचा वेग. तिच्या टोकापासून, म्हणजे ब पासून, दक्षिणेकडे ४.५ सेंमीची बक रेषा काढा. हा प्रवाहाचा वेग. आता अक जोडा. हीच बेरीज! ती ७.५ सेंमी भरेल. म्हणजे डोंगा सेकंदाला १.५ मीटर वेगाने तिरपा जातो. पात्र ओलांडण्यास २४० ÷ १.२ = २०० सेकंद लागतात. तेवढ्यात तो ०.९ × २०० = १८० मीटर खाली जातो.

अगदी समोर उतरायचे असेल तर? अ पासून दक्षिणेकडे ४.५ सेंमीची अड रेषा काढा. अ मधून पश्चिमेकडे एक लांब रेषा काढा. ड केंद्र धरून ६ सेंमी त्रिज्येचा कंस काढा. तो त्या रेषेला इ मध्ये छेदेल. डइ ही डोंग्याचे तोंड ठेवण्याची दिशा. ती पश्चिमेपासून उत्तरेकडे सुमारे ४९ अंश कललेली आहे. अइ सुमारे ४ सेंमी, म्हणजे वेग सेकंदाला ०.८ मीटर. आता ३०० सेकंद लागतील.

पावसाळ्यात प्रवाह सेकंदाला १.५ मीटर झाला, तर अड ७.५ सेंमी होईल. ६ सेंमीचा कंस रेषेपर्यंत पोचतच नाही! म्हणजे तोंड कोणत्याही दिशेला ठेवले, तरी डोंगा समोर लागणार नाही. पुराच्या पाण्यात डोंगा घालू नये, असे जाणती माणसे सांगतात, त्याचे एक कारण या आकृतीत आहे.

करून पाहा : डोंग्याचा वेग १.३ आणि प्रवाहाचा ०.५ मीटर प्रतिसेकंद असेल, तर हेच पात्र सरळ ओलांडण्यास किती वेळ लागेल? (उत्तर : २०० सेकंद)