संकल्प बोलला, पुढे काय?

जे. पी. नगरमधील आपल्या साप्ताहिक स्वाध्यायात शेवटी प्रत्येक साधक एक संकल्प सांगतो. पुढच्या आठवड्यात "झाला का?" असे विचारले, की बहुतेकांच्या माना खाली जातात. माझीही. "रोज आईला फोन करीन," हा संकल्प मी सलग तीन आठवडे सांगितला. मार्गदर्शन कमी पडले असे नाही. मग अडते कुठे?

ज्यांच्या नावाने हा परिसर ओळखला जातो, त्या जयप्रकाश नारायण यांनी १९५४ साली बोधगया येथे भूदानकार्यासाठी जीवनदान जाहीर केले. त्या कार्याचा आरंभ विनोबांनी केला होता. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्लीत भूमिहीनांनी ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी तो प्रश्न गावापुढे ठेवताच रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. पुढे देशभरात ४० लाख एकरांहून अधिक दान जाहीर झाले. लाखो एकर वाटलेही गेले. पण मोठा भाग भूमिहीनांपर्यंत पोहोचला नाही. काही जमीन नापीक होती, काही वादात होती, काहींचे कागद पूर्ण झाले नाहीत. दान सभेत बोलले जाई. मोजणी, नोंदणी आणि ताबा हे सभेनंतरचे काम. संकल्प अडतो तो इथेच.

गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला सांगतात, की यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला योग्य वाटेल ते कर. निर्णय ते अर्जुनावर सोपवतात. तरी शेवटी विचारतात: एकाग्रतेने ऐकलेस का? मोह गेला का? अर्जुन "समजले" एवढ्यावर थांबत नाही. आपण सांगता तसे करीन, असे म्हणतो. सांगणाऱ्याने विचारावे, ऐकणाऱ्याने उठावे. एकाचे काम दुसरा करू शकत नाही.

चौथ्या आठवड्यात मी संकल्पाची "नोंदणी" केली: रात्री साडेआठ, मेसमधून परतताना, आणि शेजारच्या साधकाला विचारायला सांगितले. सातपैकी पाच दिवस फोन झाला. राहिलेले दोन दिवसही मी स्वाध्यायात सांगितले. आई मात्र त्या दोन्ही दिवशी वाट पाहत होती, हे नंतर कळले. आपला संकल्प कुणाच्या तरी वाट पाहण्याशी जोडलेला असतो.

चिंतनासाठी:
१. माझा कोणता संकल्प अजून सभेतच राहिला आहे?
२. त्याची वेळ, जागा आणि साक्षीदार ठरले आहेत का?
३. तो पूर्ण होण्याची वाट कोण पाहत आहे?

या आठवड्यात एकच संकल्प घेऊया, लहान असला तरी चालेल.