लांबच्या वाटेनं वर, जवळच्या वाटेनं खाली

बाळा, राज्य राखीव पोलीस बलाच्या प्रशिक्षणासाठी तू परवा नानवीजला निघणार आहेस. दौंडला बलाचे गट क्रमांक ५ आणि ७ आहेत, त्यामुळे तिथं वर्दीची रीत रस्त्यावरही दिसेल. शिरूरहून जाताना लाडू-चिवडा तुझी आई बांधून देईलच. मी पलटणीत २३ वर्षं काढली. माझ्याकडून ही शिदोरी ने.

पहिली गोष्ट टोपीची. डोक्यावर टोपी नसेल तर सॅल्यूट नाही. सावधान व्हायचं आणि "जय हिंद" म्हणायचं. मी रंगरूट असताना अंघोळ करून येत होतो, समोर साहेब दिसले आणि उघड्या डोक्यानं हात कपाळाला नेला. कवायत शिकवणाऱ्या उस्तादांनी मैदानात चांगलाच रगडा दिला. रात्री त्यांनीच जवळ बसवून समजावलं, की सॅल्यूट वर्दी करते. वर्दी अर्धी असेल तर सॅल्यूटही अर्धा. तो रगडा मी विसरलो, ती समजूत विसरलो नाही.

दुसरी हाताची. हात लांबच्या वाटेनं वर जातो, म्हणजे बाजूनं, खांद्याच्या रेषेत. आणि जवळच्या वाटेनं सरळ खाली येतो. तर्जनी उजव्या डोळ्याच्या एक इंच वर, बोटं जुळलेली, तळवा समोर. नौदलात तळवा खाली वळलेला असतो आणि हवाई दलानं २००६ पासून तो तिरका केला आहे. वेगळा सॅल्यूट दिसला म्हणून कुणाला चुकला म्हणू नको. दोन्ही हातांत सामान असेल तर मान वळवून साहेबांकडे बघ.

तिसरी मनाची. उद्या तुझ्यासमोर तुझ्याहून लहान वयाचे साहेब येतील, एखाद्या बाई येतील, कुणी तुला रागावलेलेही असतील. सॅल्यूट त्यांच्या वयाला किंवा स्वभावाला नसतो. हुद्द्याबरोबर जी जबाबदारी त्यांनी उचलली आहे, तिला असतो. म्हणून मनात काही असलं तरी कोपर ढिलं पडू देऊ नको. आणि तू वर चढलास की तुला झालेला प्रत्येक सॅल्यूट पुरा परत कर. वरच्यानं परत न केलेला सॅल्यूट खालच्याच्या मनात फार दिवस सलतो.

चौथी निशाणाची. एकोणिसाव्या शतकात पूना हॉर्सचं घोडदळ आपल्या शिरूरच्या छावणीत असे. १८५७ साली इराणमध्ये खुशाबच्या लढाईत त्यांनी शत्रूचं निशाण जिंकलं. त्या निशाणावरचा चांदीचा पंजा रेजिमेंटनं अभिमानानं जपला. पुढं १९६५ मध्ये तारापोर आणि १९७१ मध्ये अरुण खेत्रपाल याच रेजिमेंटमधून परमवीरचक्राचे मानकरी झाले. निशाणासाठी माणसं जीव देतात, म्हणून त्याच्या रीतीत हयगय नको.

तिरंगा झपाझप चढवायचा आणि सावकाश, मानानं उतरवायचा. शोकाच्या दिवशी तो आधी टोकापर्यंत न्यायचा, मग अर्ध्यावर आणायचा. संध्याकाळी उतरवण्याआधी पुन्हा टोकाला. केशरी पट्टा वर, कापडाला जमीन लागू द्यायची नाही. घरावरचा झेंडा २०२२ पासून रात्रीही ठेवता येतो. फाटला, विटला तर कचऱ्यात टाकायचा नाही. एकांतात मानानं जाळायचा.

पाचवी गोष्ट सांगताना जीव जड होतो. आपल्या भागात जवानाचं पार्थिव येतं तेव्हा तिरंग्याचा केशरी पट्टा त्याच्या डोक्याकडे असतो. तो तिरंगा चितेवर जात नाही. त्याची घडी होते, अशोकचक्र वर दिसेल अशी, आणि ती दोन्ही तळव्यांवर घेऊन घरच्यांच्या हाती दिली जाते. "शोक शस्त्र"चा, म्हणजे शस्त्रं उलटी धरण्याचा हुकूम झाला, बिगुल वाजू लागला, की घोषणा थांबाव्यात, मोबाइल खाली यावेत. त्या वेळी गर्दीत तू असलास तर पुढं होऊन लोकांना हात जोडून गप्प कर. त्या आईला बिगुल ऐकू येऊ दे.

शेवटचं एक काम. १५ ऑगस्टच्या सुमारास सुट्टी मिळाली तर आदल्या संध्याकाळी गावच्या शाळेत जा. दोर ओढून बघ, कप्पी अडकते का ते बघ, केशरी बाजू वर बांधली आहे ना, हे पोरांकडूनच तपासून घे. झेंडा उलटा चढला तर दोष पोरांचा नसतो, त्यांना न शिकवणाऱ्या मोठ्यांचा असतो. इतकी वर्षं ते काम मी केलं. आता ते तुझ्याकडे.