गावापर्यंत प्रकाशतंतू : केबलची निवड कशी करावी?

चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीकडे जाताना वैनगंगेच्या अलीकडे सावली हे तालुक्याचे गाव लागते. १९३६ साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन येथे भरले होते आणि खादीचे केंद्र म्हणून गावाचे नाव त्या काळी दूरवर गेले होते. सुताच्या धाग्याशी असे जुने नाते असलेल्या या परिसरातील कितीतरी कामे आज दुसऱ्याच एका धाग्यावर अवलंबून आहेत. तो धागा काचेचा असून केसाएवढा बारीक असतो. ग्रामपंचायतीचे दाखले, शिधावाटपाची नोंद, निराधारांच्या अनुदानाची उचल, शाळेतील पाठ या साऱ्यांची वाट त्यातून जाते. तो तुटला म्हणजे रानालगतच्या गावातील वृद्धेला एका अंगठ्याच्या नोंदीसाठी तालुक्याची वाट धरावी लागते. म्हणून केबलची निवड हा केवळ अभियंत्यांचा विषय राहत नाही. गावातून केबल कोठून व कशी जाणार हे ज्यांच्या संमतीने ठरते, त्या पंचायत सदस्यांनाही त्यातील मर्म ठाऊक असणे इष्ट होय.

ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याच्या राष्ट्रीय योजनेस केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मान्यता दिली. पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने हे काम महानेट या नावाने राज्याच्या यंत्रणेमार्फत हाती घेतले. ऑगस्ट २०२३ मध्ये मान्य झालेल्या सुधारित कार्यक्रमात ग्रामपंचायती कडेजोड पद्धतीने, म्हणजे वलयाकार मार्गाने, जोडण्यावर भर आहे. एका बाजूने केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने संपर्क चालू राहावा हा त्यामागील हेतू आहे. मात्र वलयाच्या दोन्ही बाजू एकाच रस्त्याच्या एकाच चरातून नेल्या तर त्या वलयाचा उपयोग कागदापुरताच उरतो.

काच तीच, अंगरखा वेगळा

काचेच्या तंतूतून दूर अंतरावर संदेश पाठविता येईल, असे चार्ल्स काव यांनी १९६६ साली शास्त्रीय रीतीने दाखवून दिले. त्यानंतर चारच वर्षांनी अमेरिकेत पुरेसा शुद्ध तंतू तयार झाला. भारतात स्थानिक दूरध्वनी केंद्रांना जोडणारी पहिली प्रकाशतंतू यंत्रणा १९७९ साली पुण्यात कार्यान्वित झाली. आज ग्रामीण जाळ्यात वापरला जाणारा तंतू सिंगल मोड प्रकारचा असतो. त्याचा गाभा सुमारे ९ मायक्रॉन आणि बाहेरील काच १२५ मायक्रॉन व्यासाची असते. ५० किंवा ६२.५ मायक्रॉन गाभ्याचा मल्टिमोड तंतू एका इमारतीत किंवा आवारात ठीक. गावोगावच्या अंतरासाठी त्याचा विचार करू नये.

काचेतील ऱ्हास हा येथे अडचणीचा मुद्दा नाही, हे साध्या हिशेबाने पटते. तालुक्यापासून १५ किलोमीटरवरील ग्रामपंचायत धरू. १३१० नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरीस दर किलोमीटरला सुमारे ०.३५ डेसिबल घट येते. म्हणजे १५ किलोमीटरला सव्वापाच. दर दोन किलोमीटरला एक याप्रमाणे सात सांधे व प्रत्येकी ०.१ धरल्यास आणखी ०.७. प्रकाश चार वाटांत विभागणारा विभाजक सुमारे ७ आणि जोडण्या २ डेसिबल खातात. बेरीज १५ च्या आसपास येते. या जाळ्यातील प्रचलित यंत्रे २८ डेसिबलपर्यंतची घट सोसतात. शिल्लक भरपूर आहे. ती संपते ती हळूहळू : केबल तुटते, मध्ये नवा तुकडा घालतात, एका तुटीमागे दोन सांधे वाढतात आणि पावसात घाईने केलेला सांधा चांगल्या सांध्याच्या कित्येक पट प्रकाश खातो. म्हणून खरी निवड काचेची नसून काचेवरील अंगरख्याची आहे. तो अंगरखा कोणता हवा, हे केबलची वाट पाहूनच ठरते.

जमिनीखालून जाताना

सावलीच्या परिसरात धानाच्या बांध्या, बोड्या, आसोलामेंढा तलावाचे कालवे आणि जंगल यांची सरमिसळ आहे. कन्हार जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. त्यामुळे केबलवर ताण येतो. बांध्यांत महिनोन्‌महिने पाणी उभे असते. अशा ठिकाणी तंतू सैल नळीत जेलीने वेढलेले आणि गाभ्याभोवती पाणी शोषून फुगणारी फीत असलेले असावेत. आवरणाला एक चीर पडली तरी पाणी मग केबलमधून लांबवर पसरत नाही.

राष्ट्रीय प्रकल्पाच्या मानकाप्रमाणे सामान्य जमिनीत १.६५ मीटर खोल चर खणून, ४० मिलिमीटर व्यासाच्या एचडीपीई नळीत केबल घातली जाते. इतक्या खोलीवर नांगराचा फाळ पोहोचत नाही; उंदीर-घुशींचा उपद्रवही क्वचितच होतो. अडचण येते ती खडक लागल्यावर किंवा नाल्याजवळ, जेथे चर उथळ राहतो. तेथे सिमेंटचे किंवा लोखंडी नळीचे संरक्षण देणे मानकातच अपेक्षित आहे. चर बुजविण्यापूर्वी ग्रामपंचायतीच्या एखाद्या सदस्याने टेप लावून खोली पाहिली, तर पुढील कित्येक तक्रारी टळतील. बुजविलेला चर सर्वांना सारखाच दिसतो.

उंदीर, घुशी आणि वाळवी यांचा उपद्रव या भागात मोठा. त्यावर पोलादी पन्हळी पत्र्याचे चिलखत असलेली केबल हा सरळ उपाय वाटतो आणि दात रोखण्यास तो उत्तमही आहे. परंतु पूर्व विदर्भात विजा फार कोसळतात. धातूचे चिलखत विजेला वाट देते, आणि उच्च दाबाच्या वाहिनीस समांतर गेल्यास त्यात विद्युतदाबही निर्माण होतो. पोलादी चिलखत घ्यावयाचे तर ते सांध्यांवर नीट जोडून भूसंपर्कित करावेच लागते. ते काम निगुतीने होण्याची खात्री नसेल, तर काचतंतूंच्या वेढ्याचे किंवा फायबर-काचेच्या पट्ट्यांचे अधातू चिलखत अधिक बरे. घुशीचा दात त्याने पूर्णपणे अडत नाही, तरी बराचसा अडतो. वाळवीसाठी वर नायलॉनचा पातळ थर असलेली केबल मिळते. खोल चरात आणि शाबूत नळीत बसणाऱ्या केबलला मात्र एवढ्या सगळ्याची गरज नसते. तेथे हलकी, बिनचिलखती केबल हवेच्या दाबाने नळीत पुढे सरकविणे सोपे आणि स्वस्त पडते.

खांबांवरून जाताना

जंगलातून चर खणणे अवघड पडते तेव्हा खांबांवरून केबल नेण्याचा पर्याय पुढे येतो. आंध्र प्रदेशाने विजेच्या खांबांवरून मोठे जाळे उभारले आहे. काम वेगाने होते आणि बिघाड डोळ्यांना दिसतो. अशा केबलमध्ये धातू नसावा. तिचा ताण अरामिड धाग्यांनी पेलला जावा. मागणी नोंदविताना दोन खांबांतील प्रत्यक्ष अंतर कळविणे अगत्याचे आहे, कारण ८० मीटरच्या गाळ्यासाठी बनविलेली केबल नाल्यावरील २०० मीटरच्या गाळ्यात लोंबते आणि मग उसाच्या किंवा कडब्याच्या गाडीला अडते. वादळात पडणाऱ्या फांद्या, तारेवर झुलणारी वानरे आणि उन्हाळ्यातील वणवे हे येथील नेहमीचे शत्रू. मोहफुले वेचण्यासाठी पाचोळा पेटविण्याची रीत आहे. तेथे लोंबती केबल प्रथम जळते. एकंदरीत गावठाणात आणि रस्त्याकडेला खांब, बांध्यांतून खोल चर, अशी मिश्र आखणी या भागास मानवेल. संपूर्ण तालुक्याला एकच प्रकार ठरवून देणे कार्यालयास सोयीचे असले, तरी जमिनीस सोयीचे नसते.

वनजमीन आणि ग्रामसभा

वाट वनजमिनीतून जात असल्यास वनहक्क कायदा, २००६ मधील कलम ३(२) ध्यानात घ्यावे. शासनामार्फत चालविल्या जाणाऱ्या तेरा सुविधांसाठी, ज्यांत विद्युत व दूरसंचार वाहिन्या येतात, प्रत्येक प्रकरणी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळविता येते. हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तोडता येत नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस आवश्यक असते. अर्धा मीटर रुंदीचा चर धरल्यास एका हेक्टरात २० किलोमीटर लांबी बसते. म्हणजे बहुतेक गावांची वाट या मर्यादेत येऊ शकते. ग्रामसभेपुढे ठराव येतो तेव्हा वाटेचा नकाशाही मागून घ्यावा. नाला कोठे फुगतो, वणवा कोणत्या बाजूने येतो, बैलगाड्या कोठून जातात, हे गावकऱ्यांइतके कोणत्याही सर्वेक्षणास कळत नाही.

किती तंतू आणि किती वेटोळी

ग्रामपंचायतीला एक-दोन तंतू पुरतात. तरी २४ तंतूंची केबल टाकण्याची प्रथा आहे आणि ती योग्यच आहे. खर्चाचा मोठा भाग खणण्यात जातो, तंतूंत नव्हे. शाळा, आरोग्य उपकेंद्र, मोबाईल मनोरा यांची गरज उद्या येईल. प्रत्येक सांध्याजवळ दहा-वीस मीटर जादा केबलचे वेटोळे राखून ठेवावे, म्हणजे तुटल्यावर नवा तुकडा न घालता एकाच सांध्यात काम भागते. वेटोळे घट्ट करू नये. ओढताना वळणाची त्रिज्या केबलच्या व्यासाच्या सुमारे २० पट असावी.

केबलचे रीळ आल्यावर जमिनीत घालण्यापूर्वी आणि घातल्यानंतर ओटीडीआर यंत्राने चाचणी घेऊन दोन्ही आलेख जपावेत. रस्ता रुंदीकरणात किंवा नळयोजनेच्या खोदकामात केबल तुटते, तेव्हा तूट नेमकी किती मीटरवर आहे हे त्या आलेखांशी ताडून चटकन सापडते. खोदणाऱ्यांनी आधी सूचना द्यावी यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲपही सुरू केले आहे.

शेवटचे पन्नास मीटर बहुधा दुर्लक्षित राहतात. ग्रामपंचायतीच्या भिंतीवरून आत जाताना केबल कोपऱ्यात दुमडली जाते, दारात चेपते, रंगकामात खिळ्याखाली येते. येथे बाहेरची जाड केबल वापरू नये. वाकविल्याने फारसा प्रकाश न गमावणारा जी.६५७ प्रकारचा तंतू असलेली, आग न पसरविणाऱ्या आवरणाची बारीक केबल घ्यावी आणि ती पट्टीतून, टेबलाच्या उंचीपेक्षा वरून न्यावी.