आधी विचारा, जमीन कोणाची?

दिल्लीतल्या कस्तुरबा गांधी मार्गावर ऑफिसच्या जागा भाड्याने लावून देण्याचं काम मी वर्षानुवर्षं करते आहे. 2013 पासून नवं महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे. तिथे जेवायला येणारी मराठी मुलं हळूहळू ओळखीची होत गेली. बहुतेक जण यूपीएससीसाठी आलेले, राजेंद्रनगर नाहीतर करोलबागेत खोली घेऊन राहणारे. प्रयत्न हुकत गेले की घरून विचारणा सुरू होते, ‘आता पुढे काय?’ तो प्रश्न घेऊन काही जण माझ्याकडे आले आणि त्यातल्या काहींना मी रिअल इस्टेटच्या वाटेला लावलं. काही टिकले, काही सणाला म्हणून गावी गेले ते परतलेच नाहीत. कोण टिकतं आणि का, हे बघता बघता जे ध्यानात आलं ते इथे क्रमाने मांडते. हा धंदा बोलघेवड्यांचा वाटतो, पण यात पोट भरतं ते वाचणाऱ्याचं.

1. इमारत नंतर, जमीन आधी

नव्या मुलाला मी रस्त्यावर उभं करून विचारते, ‘ही इमारत कोणाची?’ तो पाटी वाचून नाव सांगतो. ‘आणि खालची जमीन?’ इथे गाडी अडते.

नवी दिल्लीच्या या भागातल्या बऱ्याच जमिनी सरकारच्या आहेत. मालक म्हणून मिरवणाऱ्याच्या हातात असतो तो कायम भाडेपट्टा. त्याचं दप्तर केंद्र सरकारच्या लँड अँड डेव्हलपमेंट ऑफिसात. इथे सगळे त्याला ‘एलअँडडीओ’ म्हणतात. हस्तांतर करायचं तर त्यांची परवानगी लागते, ठरल्यापेक्षा वेगळा वापर केला तर शुल्क बसतं आणि विक्रीच्या वेळी जमिनीच्या वाढलेल्या किमतीतला निम्मा वाटा सरकार मागू शकतं. जागा फ्रीहोल्ड करून घेतली आहे की नाही, जुनी थकबाकी आहे का, हे न बघता मजला विकत घेणाऱ्याने नेमकं काय विकत घेतलं, हे त्याचं त्यालाच ठाऊक नसतं.

आपल्याकडच्या मुलांना ही गोष्ट पटकन कळते, कारण त्यांच्यापैकी अनेकांनी घरच्या सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ हे शब्द पाहिलेले असतात. तिथेही विकायला परवानगी आणि नजराणा आहेच. म्हणजे शेतकऱ्याच्या घरातला मुलगा या धंद्यात कोरी पाटी घेऊन येत नाही.

2. रस्ता पायी तुडवा

पहिल्या आठवड्यात मी कोणालाही फोन करू देत नाही. वही द्यायची आणि कनॉट प्लेसच्या टोकापासून इंडिया गेटकडे चालत जायला सांगायचं. प्रत्येक इमारतीसमोर थांबून लिहायचं: मजले किती, लिफ्ट किती आणि त्यातल्या चालू किती, गाड्या कुठे लागतात, जनरेटर आहे का. दर्शनी भिंतीवर एसीचे डबे लटकत असतील तर आत सेंट्रल एसी नाही, हे बाहेरूनच समजतं. कोणता मजला रिकामा होणार, ते वेबसाइटच्या आधी गार्डला माहीत असतं. त्याच्याशी बोलायचं, पण आधी नमस्कार करून.

मग ‘का’ विचारायचं. कनॉट प्लेसकडे टोलेजंग इमारती आणि इंडिया गेटकडे सरकावं तशी उंची उतरते, हे का? उत्तर शोधताना मुलगा लुटियन्स बंगलो झोनच्या निर्बंधांपर्यंत पोचतो. हेली रोडला वळलं की अग्रसेन की बावली ही जुनी पायऱ्यांची विहीर लागते. ती संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगीशिवाय नाही. म्हणजे कुठल्या तरी जुन्या घराच्या किमतीवर त्या विहिरीची सावली पडलेली असते. चार्ल्स कोरिया यांनी बांधलेली ब्रिटिश कौन्सिलची 1992 ची इमारतही याच वाटेवर आहे. रस्त्यावरून आत नजर जाईल अशी ती कशी उघडी ठेवली आहे, ते उभं राहून बघा. जागेची किंमत फुटावर ठरते हे खरं, पण लोकांना तिथे यावंसं का वाटतं, ते अशा ठिकाणी शिकायला मिळतं.

3. फूट कोणता, ते आधी विचारा

फुटाला दर सांगितला की नवी मुलं लगेच गुणाकार करतात. मी विचारते, ‘फूट कोणता?’

समजा, एका इमारतीत 1,000 फूट सुपर एरिया, म्हणजे जिने-लिफ्टचा वाटा धरून मोजलेली जागा, आहे आणि दर 150 रुपये. भाडं झालं दीड लाख. आत प्रत्यक्ष वापरता येणारी जागा, म्हणजे कार्पेट, 600 फूटच असेल तर खरा दर पडला 250. शेजारच्या इमारतीत दर 180 आहे, पण 1,000 फुटांत कार्पेट 750 मिळतं. तिथे खरा दर 240. महाग वाटणारी जागा स्वस्त निघाली. त्यात मेंटेनन्सही बहुधा सुपर एरियावर लावतात आणि व्यापारी भाड्यावर 18 टक्के जीएसटी असतो. हा हिशेब अशिलासमोर कागदावर मांडणारा मुलगा पुन्हा बोलावला जातो. नुसतं ‘लोकेशन एकदम प्राइम आहे सर’ म्हणणाऱ्याला कोणी आठवणीत ठेवत नाही.

मापांचंही तसंच. इथे प्लॉट गजात बोलतात, एक गज म्हणजे 9 चौरस फूट. आपला गुंठा 1,089 फुटांचा. दोन्ही तोंडपाठ हवेत.

4. सीमा ओलांडली की कायदा बदलतो

महाराष्ट्रातून आलेला मुलगा भाडेकरार म्हटलं की नोंदणी करायला निघतो. बरोबरच आहे, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदवलेलाच लागतो. दिल्लीत मात्र 11 महिन्यांचा करार करून नोंदणी टाळण्याची रीत आहे, कारण 1908 चा नोंदणी कायदा एक वर्षावरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची करतो. दिल्लीचा भाडे नियंत्रण कायदा 1958 चा. महिन्याचं भाडं 3,500 रुपयांच्या वर असेल तर तो लागूच होत नाही. त्यामुळे एकाच मजल्यावर जुना भाडेकरू नगण्य भाड्यात आणि समोरचा बाजारभावाने, असं चित्र कनॉट प्लेसच्या आसपास दिसतं.

विक्रीत तर आणखी सावध राहावं लागतं. दिल्लीत वर्षानुवर्षं घरं पॉवर ऑफ अॅटर्नीवर फिरली. अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं. तरी असे कागद अजून समोर येतात. गुरुग्राम हरियाणात, नोएडा उत्तर प्रदेशात. मेट्रो एकच असली तरी रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) प्राधिकरणं वेगळी, मुद्रांक शुल्क वेगळं. गावच्या जमिनीला इथे खसरा, खतौनी, जमाबंदी हे शब्द. सातबारा वाचता येणाऱ्याला ते शिकायला फार दिवस लागत नाहीत.

5. परवाना आधी, व्हिजिटिंग कार्ड नंतर

2016 च्या रेरा कायद्याप्रमाणे, नोंदणीकृत प्रकल्पातलं घर किंवा दुकान विकायला मध्यस्थी करायची तर एजंट म्हणून नोंदणी करावीच लागते. नाही केली तर दिवसाला 10,000 रुपये दंड आणि तो साचत साचत त्या मालमत्तेच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश या तिन्ही ठिकाणी काम करायचं तर नोंदणीही तिन्हीकडे करावी लागते.

महाराष्ट्राने याच्या पुढचं पाऊल टाकलं. महारेराने, म्हणजे तिथल्या रेरा प्राधिकरणाने, जानेवारी 2023 मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. मे 2023 मध्ये पहिली परीक्षा झाली. पुढे प्रमाणपत्र न घेतलेल्या सुमारे 20,000 एजंटांची नोंदणी स्थगित झाली. ‘मी गेली वीस वर्षं हेच करतोय’ म्हणणाऱ्यांनाही वही-पेन घेऊन बसावं लागलं. परीक्षांमागे परीक्षा दिलेल्या आमच्या मुलांना तो अभ्यासक्रम किरकोळ वाटतो. पुण्या-मुंबईत परतणार असाल तर ही परीक्षा आधी देऊन टाका.

6. दलाली ही एकच वाट नाही

‘ताई, मला लोकांशी गोड बोलता येत नाही, मग हे क्षेत्र माझं नाहीच ना?’ एका मुलाने विचारलं होतं. इतिहासाचा पदवीधर, जुने दस्तऐवज वाचायची आवड. त्याला मी एका वकिलाकडे टायटल सर्चच्या कामाला लावलं. तीस वर्षांच्या व्यवहारांची साखळी जुळवणं, मधला एखादा वारस सहीविना राहिला आहे का ते शोधणं, यात तो रमला. आता बिल्डर जागा घेण्याआधी त्याला विचारतात.

अशा वाटा बऱ्याच आहेत. सिव्हिल, आर्किटेक्चर किंवा टाउन प्लॅनिंग शिकलेल्याला अनुभवानंतर नोंदणीकृत मूल्यांककाची परीक्षा देता येते. ती व्यवस्था बघणारी संस्था, इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्सी बोर्ड, इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. नियोजनात जायचं तर दिल्लीचं स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, बांधकाम व्यवस्थापनासाठी पुण्याचं निकमार. आकडेमोड आवडत असेल तर रीट, म्हणजे भाड्याच्या मालमत्तांत अनेकांचा पैसा गुंतवणारे ट्रस्ट. देशातला पहिला रीट 2019 मध्ये शेअर बाजारात आला आणि ऑफिसच्या भाड्याचा अभ्यास करणाऱ्यांना मागणी आली. याखेरीज इमारतीची देखभाल, सोसायटी व्यवस्थापन, बँकेच्या गृहकर्जाची कागदपत्रं तपासणं, ही कामं झगमगीत नाहीत, पण महिन्याच्या महिन्याला पगार देतात.

7. पहिलं वर्ष पगाराचं असू द्या

दलालीचा पैसा उशिरा येतो. जागा दाखवली, आवडली, घासाघीस झाली, करार झाला, मग बिल आणि त्यानंतर वाट बघणं. खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे मात्र दर महिन्याला द्यावे लागतात. घरच्यांनी आधीच क्लासवर पैसे घातलेले असतात, त्यांच्याकडे पुन्हा हात पसरवत नाही. मग पोरगा घाईने नको ती जागा नको त्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतो आणि नाव घालवून बसतो. म्हणून मी सांगते, आधी कोणाकडे तरी पगारावर काम करा, पगार थोडा असला तरी चालेल. ‘शंभर टक्के कमिशन, पगार नाही’ अशी ऑफर असेल तर निदान सहा महिन्यांचा खर्च गाठीशी हवा.

8. शब्दावर विश्वास ठेवा, पण लिहून घ्या

मला एका मालकाचा अनुभव आहे. भाडेकरू मी आणला, बैठका मी घडवल्या आणि सही झाल्यावर साहेब म्हणाले, ‘आम्ही तर आधीपासून ओळखत होतो जी.’ दलाली बुडाली. तेव्हापासून पहिली जागा दाखवण्याआधीच ईमेल जातो: कोणासाठी, कोणती जागा, कोणत्या तारखेला, मोबदला किती आणि कधी. दिल्लीकर यावर रागावत नाहीत. ते ‘जी’ लावूनच कडक बोलतात. तुम्हीही तसंच बोलायला शिका.

दुसरं, विसाराची रक्कम, इथे तिला बयाना म्हणतात, आपल्या खात्यात कधीही घेऊ नका. एका दिवसापुरतीही नाही. चेक मालकाच्या नावाने, पावती मालकाच्या सहीची.

9. ‘हे घेऊ नका’ म्हणता यायला हवं

28 ऑगस्ट 2022 ला नोएडाच्या सेक्टर 93-ए मधले जुळे मनोरे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडले. ते टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. मी मुलांना विचारते, ‘त्यातले फ्लॅट कोणी विकले होते?’ बिल्डरने, हे खरं; पण गिऱ्हाइकाला तिथवर नेणारे आपल्यासारखेच होते. आम्रपाली या बिल्डर कंपनीच्या प्रकल्पांत हजारो कुटुंबं अडकली. 2019 मध्ये न्यायालयाने कंपनीची रेरा नोंदणी रद्द करून अपुरी कामं एनबीसीसी या सरकारी बांधकाम कंपनीकडे दिली. त्या कुटुंबांनाही कोणीतरी चहा पाजून नमुना फ्लॅट दाखवला होता.

मंजूर नकाशा, रेरा नोंदणी क्रमांक, प्रकल्पाचे तिमाही अहवाल, हे सगळं आज मोबाइलवर बघता येतं. करार नोंदवण्याआधी 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला कायद्याने मनाई आहे. कोणी जास्त मागत असेल तर गिऱ्हाइकाला तिथेच थांबवा. त्या दिवशीची दलाली जाईल. पण तेच गिऱ्हाईक पुढे मेहुण्याला, शेजाऱ्याला तुमच्याकडे पाठवतं.

10. पहिला कागद घरचा

सुरुवात कुठून करू, असं विचारणाऱ्याला मी कोर्सचं नाव सांगत नाही. आपल्या घराचा सातबारा, प्रॉपर्टी कार्ड किंवा इंडेक्स टू काढायला सांगते. फेरफार बघा, इतर हक्कांत कोणाचा बोजा आहे ते बघा, आजोबांनंतर आत्याचं नाव लागलं का ते बघा. एका मुलाने असं पाहिलं आणि मयत चुलत्याचं नाव अजून तसंच असल्याचं निघालं. तलाठी कार्यालयात खेपा घालून त्याने वारसनोंद करून घेतली. पैसे मिळाले नाहीत, पण गावातल्या आणखी काही घरांनी आपले कागद त्याच्यापुढे ठेवले. तो आता तालुक्यातच बसून हे काम करतो, आणि दिल्लीत राहिलेल्या मित्रांपेक्षा बरं कमावतो.